राखणदाराची काठी

“हे कुणीच खरं मानणार नाही,” बेसिल म्हणाला, आणि जणू काही पुरावा म्हणून डोक्यावरची टोपी काढून त्याने मांडीवर ठेवली. “पण त्या दिवशी कूबर पिडी गावाच्या अलीकडे आमच्या ॲडलेडच्या बससमोर हजार उंट होते. उभे नव्हते. बसले होते. अख्ख्या रस्त्यावर, सभा भरल्यासारखे.”

“गेल्या रविवारी सातशे होते,” त्याचा धाकटा भाऊ गस म्हणाला.

“गेल्या रविवारी मी रस्त्यापलीकडचे धरले नव्हते.”

गसच्या अंगणात हशा उठला. निखाऱ्यांत कांगारूच्या दोन शेपट्या भाजत होत्या, काळ्या डब्यात चहा उकळत होता आणि एप्रिलातल्या माश्या कुणालाही न विचारता सगळ्यांच्या डोळ्यांशी येऊन बसत होत्या. आज संध्याकाळी उजेडाचा उत्सव सुरू व्हायचा होता. आलिस गावामागची डोंगररांग दहा रात्री रंगांनी उजळणार होती, आणि पहिल्याच रात्री, पहिल्याच अर्ध्या तासात, बेसिलच्या घराण्याची मुनिया पाखरांची गोष्ट त्या डोंगरावर दिसणार होती. चित्रं डोंगरावर, आवाज बेसिलचा. त्यामुळे म्हाताऱ्याला सकाळपासून चेव चढला होता.

“ड्रायव्हरने भोंगा वाजवला,” तो पुढे म्हणाला, “तर उंटांनी उलट वाजवला.”

“कसला भोंगा, दादा?”

“नाकाचा. आणि त्यांची जी म्होरकी होती ना, म्हातारी, एका डोळ्याने अधू, ती उठून माझ्या खिडकीपाशी आली. मला म्हणते कशी, तू अमक्याचा नातू ना? तुझ्या आज्याने माझ्या पणज्याच्या पाठीवर किती पिठाची पोती लादली ठाऊक आहे? आज हिशेब होऊ दे, मग जा पुढे. झालं! दोन दिवस! दोन दिवस मी त्या उंटिणीला आज्याच्या वतीने समजावतोय. तिसऱ्या दिवशी कुठे ती उठली. पण तोवर...”

इथे तो नेहमी थांबायचा. चार महिन्यांत ही गोष्ट त्याने पन्नास वेळा सांगितली असेल. उंट वाढत गेले, उंटिणीचा दुसरा डोळाही मध्यंतरी गेला आणि परत आला, पण ‘तोवर’च्या पुढे गोष्ट कधी सरकली नाही. कारण तोवर ॲडलेडच्या इस्पितळात बेसिलची बहीण गेली होती. गेलेल्या माणसाचं नाव न घेण्याची इथली रीत, त्यामुळे तिचं नाव आता कुणी घ्यायचं नाही. शेजारच्या घरात त्याच नावाची एक पोर होती, तिलाही सगळे आता नुसतं ‘धाकटी’ म्हणत. मी तरी ते नाव इथे कसं लिहू?

हसू विरलं. निखाऱ्यांपाशी पाठमोरी बसलेली मार्लीन तेवढी हसली नव्हती, त्यामुळे तिला थांबावंही लागलं नाही. ती त्या बहिणीची थोरली लेक. ॲडलेडला एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तीन दिवसांसाठी आली होती आणि उद्या सकाळच्या बसने परत निघणार होती. या तीन दिवसांत ती गसमामाशी बोलली, मामेबहिणीशी बोलली, अंगणातल्या कुत्र्यांशी तर तासन्‌तास बोलली. बेसिलमामाशी नाही. त्याने चहा मागितला तर चहा द्यायची. पण मग असा, की कपाची मूठ त्याच्याकडे आणि नजर डोंगराकडे.

तिने चिमट्याने शेपटी उलटली. केस जळाल्याचा वास आला.

“बाबा,” बेसिलची लेक रोझली फाटकातूनच ओरडली, “गोष्टी झाल्या असतील तर चला. पाच वाजता माईकची चाचणी आहे. लिओकाकाला वृद्धाश्रमातून आणलंय. गाडीत बसलाय.”

“ऐकू येतंय का त्याला आज?”

“टोपी छान आहे असं म्हटलं तर म्हणाला, बरोबर.”

“ते तो कशालाही म्हणतो,” बेसिल म्हणाला आणि उठला. उठताना त्याने मार्लीनच्या पाठीकडे पाहिलं. पाठीलाही कान असतात. पण पाठीने काही ऐकल्याचं दाखवलं नाही.

*

लिओ हा बेसिलचा आत्येभाऊ. नव्वदीला टेकलेला. आणि गोष्टीचा राखणदार.

या घराण्यात गोष्ट एकट्याने सांगायची नसते. गोष्ट ज्या भूमीची, ती भूमी बापाकडून ज्याची, त्याने सांगायचं. आईकडून ज्याची, त्याने शेजारी बसून राखायचं. सांगणारा चुकला, वाहवला, आपल्या पदरचं घालू लागला, तर राखणदाराने त्याला तिथल्या तिथे अडवायचं. बेसिलसारख्या माणसाला असा राखणदार म्हणजे घोड्याला लगाम. चाळीस वर्षं लिओ त्याच्या डाव्या हाताला बसत आला, मांडीवर मुल्गा नावाच्या झाडाच्या लाकडाची एक काळी काठी घेऊन. बेसिल जरा भरकटला की काठीचं टोक बरगडीत. “नाही. तीन नाही, दोन मुनिया.” टोच. “नाही. ओढा पूर्वेला.” टोच. बेसिलच्या डाव्या बरगडीवर म्हणे काठीच्या टोकाएवढा एक खळगा पडला आहे. तो मी स्वतः पाहिलेला नाही, पण त्याने दाखवायची तयारी पुष्कळदा दाखवली आहे.

पण गेल्या दोन वर्षांत लिओचे कान गेले. पूर्ण. आणि कान गेल्यावर त्याच्यात एक थोर समाधान आलं. आता तो सगळ्याला ‘बरोबर’ म्हणे.

डोंगराच्या पायथ्याशी वाळूचं मैदान साफ केलेलं होतं. लोखंडी मनोऱ्यांवर दिवे चढवले होते, जाड केबली सापांसारख्या पसरल्या होत्या. समोर दोन किलोमीटर लांबीचा डोंगर, उतरत्या उन्हात तांबडा आणि अगदी बेफिकीर, जणू संध्याकाळी त्याच्यावर काही होणार आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. लिओला चाकाच्या खुर्चीत बसवून आणलं. डोक्यावर फुटबॉलची लोकरी टोपी, मांडीवर काठी. खुर्ची ढकलायला मार्लीन आली होती, कारण वाळूत खुर्ची ढकलायला गसच्या गुडघ्यांचा नकार होता.

ध्वनियंत्रावरची पोरगी म्हणाली, “आजोबा, काहीही बोला. आवाज लावून घेते.”

बेसिल माईकशी तोंड नेऊन म्हणाला, “फार पूर्वी दोन मुनिया होत्या. त्यांना चार-चार पाय होते.”

“बरोबर,” लिओ म्हणाला.

“आणि त्या टोयोटा चालवायच्या.”

“बरोबर.”

यंत्रावरची पोरगी खिदळली. गसही हसला, मग मोठ्या भावाचा चेहरा पाहून थांबला.

“हसू नकोस,” बेसिल माईक सोडून म्हणाला. “हा राखणदार? असल्या राखणीत मी उद्या चंद्र आपल्या बापाने टांगला म्हणून सांगेन.”

“अरे पण बसलाय ना तो शेजारी? रीत झाली,” गस म्हणाला. “जगभरातून माणसं आलीत. हॉटेलं भरलीत. आता तू राखणदारावरून अडून बसू नको.”

“रीत बसण्याची नाही. रीत अडवण्याची आहे.”

“मग अडवणारं आण की कुणीतरी!”

कुणीच मार्लीनकडे पाहिलं नाही. तेही इतकं ठरवून, की त्यापेक्षा पाहिलं असतं तर बरं. ती भूमी तिच्या आईच्या बापाची. लिओनंतर हक्काची राखणदार तीच; लहानपणी ती लिओच्या पायाशी बसून ओठ हलवत अख्खी गोष्ट म्हणायची, आणि काठी पडायच्या आधी तिच्या भुवया वर जायच्या. आत्ता ती खाली वाकून खुर्चीच्या चाकात अडकलेला काटा काढत होती. तो काटा निघायला फार वेळ लागला.

“सरळ सांगा बाबा, एकदा,” रोझली म्हणाली. तिच्या हातात कागद होते. कुठल्या वाक्याला कुठलं चित्र, हे त्यावर लिहिलेलं. दोन वर्षं ती आणि गावातल्या सात मुली ही चित्रं काढत होत्या. “थोडक्यात. वेळ बघू दे.”

बेसिलने सांगितली. दुष्काळ. बहीण-भाऊ, दोघं मुनिया, लाल चोचीचे. बहीण मोठी. उडता उडता तिचे पंख गेले, ती लाल खडकावर बसली. म्हणाली, तू जा, पाणी आण, मी आहे. भाऊ गेला. पाणी सापडलं. त्याने गळा भरून घेतला.

“आणि मग तो परत आला,” बेसिल म्हणाला. “पण बहीण गेली होती. त्याच्या गळ्यातून पाणी सांडलं, तो आपला झरा. संपलं.”

“बरोबर,” लिओ म्हणाला.

रोझलीने कागदावरून मान वर केली. “बाबा, मधलं राहिलं.”

“कुठलं?”

“तो पाण्याशी बसून राहतो ते. दोन दिवस. त्याला परत जायची भीती वाटते, ती मेलेली दिसेल म्हणून. त्यावर चित्र आहे. सगळ्यात मोठं.”

“हां, ते. ते संध्याकाळी सांगतो. माईकच्या चाचणीला भीती कशाला लागते?”

मार्लीनने काटा काढला होता. ती उभी राहिली, आणि चार महिन्यांत पहिल्यांदाच तिने मामाकडे सरळ पाहिलं. एकदाच. मग खुर्ची वळवून ती लिओला सावलीत घेऊन गेली.

*

“मी सांगणार नाही,” बेसिल रोझलीला म्हणाला. दोघं मनोऱ्याच्या आडोशाला उभे होते. “चित्रं दाखवा. संगीत लावा. राखणदाराशिवाय मी तोंड उघडणार नाही.”

“दोन वर्षं, बाबा. आणि आता?”

“ती बसली तर सांगतो.”

“तिला विचारलंत?”

“ती बोलते कुठे माझ्याशी?”

“का बोलत नाही, ते विचारलंत कधी स्वतःला?” रोझलीने कागद छातीशी धरले. तिला बापाशी असं बोलायची सवय नव्हती. ती बापाच्या गोष्टींवर वाढलेली, त्याच्या उंटांवर ती सगळ्यात आधी हसायची. “तुम्ही बसमध्ये बसलात, हे मीच मार्लीनला फोन करून कळवलं होतं. आत्या म्हणे सारखं विचारायची, आला का. मार्लीन सकाळी बसतळावर गेली. तुम्ही नव्हता. दुसऱ्या दिवशी गेली. तिसऱ्या दिवशी गेली. तीन सकाळी, बाबा. शेवटच्या सकाळी ती तिथे बसची वाट बघत उभी होती, आणि इकडे...” ती थांबली. “तिची आई गेली तेव्हा ती खाटेशी नव्हती. बसतळावर होती. तुमच्यासाठी.”

बेसिलने मनोऱ्याचा लोखंडी पाय धरला.

“आणि तेव्हापासून ती फोनवर ज्याच्या-त्याच्याकडून ऐकतेय,” रोझली म्हणाली, “सातशे उंट. आठशे उंट. हजार उंट.”

ती दिव्यांच्या माणसांकडे निघून गेली. बेसिल मनोऱ्याला टेकून राहिला.

उंट नव्हते. एकही नव्हता. बस कूबर पिडीला चहासाठी थांबली होती, सगळे उतरले, तोही उतरला. मग भोंगा वाजला, तो उठला नाही. दुसरा वाजला. ड्रायव्हर भला माणूस, खाली येऊन म्हणाला, आजोबा, चला. बेसिल म्हणाला, मला इथेच उतरायचं होतं. बहिणीच्या नाकातोंडात नळ्या आहेत असं फोनवर कळलं होतं. जिने त्याला खांद्यावर बसवून ओढा ओलांडून दिला, जी झाडावरून मध काढताना शिव्या देत गायची, तिच्या नाकात नळ्या. तो पेट्रोल पंपामागच्या बाकावर बसला. तिथे एक गळका नळ होता. नळाखाली मुनिया यायच्या, लाल चोचीच्या, झुंडीने, थेंबाथेंबाला भांडत. दोन दिवस तो त्यांना बिस्किटं चुरून घालत बसला. रोज म्हणे, उद्याच्या बसने जाऊ. तिसऱ्या दिवशी फोन आला, आणि त्याने उलट्या दिशेची बस पकडली.

एवढी साधी गोष्ट. यात सांगण्यासारखं काय आहे? म्हणून त्याने उंट घातले.

*

लिओला सावलीत बसवून मार्लीन त्याला चमच्याने सफरचंदाचा लगदा भरवत होती. बेसिल येऊन लिओच्या दुसऱ्या बाजूला वाळूत बसला. मार्लीनचा चमचा क्षणभर अडखळला, मग पुन्हा चालू लागला.

लेकी बोले सुने लागे, ही युक्ती सगळ्या जगात चालते. बेसिल लिओच्या बहिऱ्या कानात मोठ्याने म्हणाला, “लिओ, संध्याकाळी एक जागा रिकामी आहे. तुझ्या शेजारी.”

“बरोबर,” लिओ म्हणाला.

मार्लीनने लिओच्या हनुवटीवरचा ओघळ पुसला. “लिओमामा, ज्यांना माणूस हवंय त्यांना सांग, माणसं उद्या सकाळच्या बसने जातात.”

“बरोबर.”

“लिओ, तिला सांग, बस सकाळची आहे. गोष्ट संध्याकाळची आहे.”

“लिओमामा, त्यांना सांग, मी त्यांच्या शेजारी बसून काय म्हणणार? जो माणूस चार महिने सगळ्या गावाला उंट विकतोय, त्याच्या शेजारी बसून मी ‘बरोबर’ म्हणायचं? ते काम तू छान करतोस.”

“बरोबर,” लिओ समाधानाने म्हणाला. त्याला सफरचंद आवडलं होतं.

“बरोबर म्हणायला नकोच आहे,” बेसिल म्हणाला. आवाज नकळत खाली आला होता. लिओला ऐकवायचा बहाणाही राहिला नव्हता. “ते म्हणणारे माझ्याकडे ढीगभर आहेत. मी बोलतो, लोक हसतात, पुढचं बोलतो. मला अडवणारं कुणी राहिलं नाही. मी नुसता घरंगळतोय, पोरी. टेकडीवरून डबा सोडल्यासारखा.”

चमचा वाटीत थांबला.

“अडवायला मी कशाला लागते?” मार्लीन म्हणाली. अजून नजर लिओवरच. “स्वतःच थांबायचं.”

“ते जमलं असतं तर राखणदाराची रीत कशाला निघाली असती?”

तिने वाटी खरवडून शेवटचा चमचा लिओच्या तोंडात घातला. मग म्हणाली, “खुर्ची ढकलायला मी असेन. वाळूत ती गसमामाला जमत नाही. मागे उभी राहीन. बसणार नाही.”

“उभी तर उभी.”

“आणि काठी लिओमामाच्याच मांडीवर.”

“त्याच्याच.”

“आणि मी एक शब्द बोलणार नाही.”

“नको बोलूस,” बेसिल म्हणाला.

“बरोबर,” लिओ म्हणाला.

*

अंधार पडायला लागला तसा डोंगर आधी जांभळा झाला, मग नाहीसा झाला. मैदानात हजारो माणसं होती. पुढच्या रांगेत घरची: गस, त्याची सून, चित्रं काढणाऱ्या सात मुली केसांत फुलं खोचून. बेसिल खुर्चीवर, समोर माईक, डाव्या हाताला लिओ, लिओच्या मागे मार्लीन, दोन्ही मुठी खुर्चीच्या दांड्यावर घट्ट. तो बोलणार की नाही हे शेवटपर्यंत रोझलीला ठाऊक नव्हतं. तिने दिव्यांच्या माणसाला खूण करायला हात वर केला आणि तसाच धरून ठेवला.

बेसिल खाकरला. “फार पूर्वी दोन मुनिया होत्या.”

रोझलीचा हात खाली आला, आणि डोंगर पेटला.

तो तसा कधी कुणी पाहिला नव्हता. इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत तांबूस ठिपके उमटले, ठिपक्यांचं गवत झालं, गवताचा दुष्काळ झाला. आणि त्यावरून दोन पक्षी उडाले, एकेक घराएवढा. गर्दीतून ‘आ’ असा एकच आवाज निघाला. पुढच्या रांगेतली एक मुलगी ओरडली, “ती शेपटी मी काढली!”

बेसिलला सूर सापडला. बहीण मोठी, भाऊ धाकटा आणि बडबड्या. “तीन दिवस उडाले,” तो म्हणाला, आणि सवयीने डावी बरगडी आत घेतली. चार दिवस होते. टोच आली नाही.

“बरोबर,” लिओ म्हणाला.

मागे खुर्चीचा दांडा करकरला. बेसिलने ते ऐकलं.

डोंगरावर बहिणीचे पंख मिटले. ती लाल खडकावर बसली, आणि सगळा प्रकाश हळूहळू तिच्याभोवती गोळा झाला. “ती म्हणाली, तू जा. पाणी आण. मी आहे.” हे वाक्य त्याने चाळीस वर्षं सांगितलं होतं. आज पहिल्यांदा तो त्याच्या पुढचं घाईने म्हणाला. “भाऊ गेला. पाणी सापडलं. त्याने गळा भरून घेतला. आणि मग...”

डोंगरावर सगळ्यात मोठं चित्र आलं. अख्खी काळी रांग रिकामी, आणि एका टोकाला निळ्या पाण्याचा एक ठिपका, पाण्याशी एक मुनिया. एवढीशी. बसलेली. बाकी दोन किलोमीटर काही नाही.

बेसिलने ते चित्र कागदावर पाहिलं होतं. डोंगरावर पाहिलं नव्हतं. त्याने तोंड उघडलं. शब्द तयार होता, लहानसाच होता, चाळीस वर्षांत एकदाही अडला नव्हता. तो वर येईना.

“आणि मग,” तो म्हणाला. सगळं मैदान वाट पाहत होतं. “आणि मग तो परत निघाला, तर काय! कुणी मानणार नाही! वाटेत हजार उंट!”

पुढच्या रांगेत गसने डोळे मिटून घेतले. मागे कुठेतरी कुणी हसलं, मग पुष्कळ जण हसले. हसू आल्यावर बेसिलला थांबता येत नसे. “उभे नव्हते, बसले होते! अख्ख्या आभाळभर! आता एवढासा पक्षी, त्याने जायचं कुठून? तो म्हणाला, बाबांनो, बहीण वाट बघतेय. तर त्यांची ती म्हातारी उंटीण...” त्याचे हात हवेत उंटाची पाठ काढत होते, आणि समोर डोंगरावर ती एकटी मुनिया बसलेलीच होती, रोझली पुढचं चित्र लावायला सांगत नव्हती. त्याचा आवाज चिरकला. “एका डोळ्याने अधू... ती म्हणाली...”

लिओला ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. त्याने डोंगर पाहिला. मग बेसिलचे हात पाहिले, ते कुबड काढणारे. पुन्हा डोंगर पाहिला. या वेळी तो ‘बरोबर’ म्हणाला नाही. त्याने मांडीवरची काठी उचलली. हात बरगडीपर्यंत पोचेना. मग त्याने मान न वळवता काठी तशीच खांद्यावरून मागे धरली, आणि धरून राहिला.

दांड्यावरची एक मूठ सुटली.

काठीचं टोक बेसिलच्या डाव्या बरगडीत इतक्या जोरात बसलं की त्याचा ‘अयाई’ माईकमधून डोंगरावर जाऊन परत आला.

“खोटं!” मार्लीन म्हणाली. माईक तिच्यापासून लांब होता, पण सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. “तेव्हा या मुलखात उंट होते कुठे? ते तर माणसांनी जहाजांतून आणले, कालपरवा. वाट मोकळी होती. तो पाण्याशी बसून राहिला. दोन दिवस. कारण त्याला भीती वाटली. आणि उडाले ते चार दिवस, तीन नाही. आता तिथून पुन्हा सांग, मामा.”